छतातले स्पीकर आणि दुकानातला इंटरकॉम: छत बंद होण्याआधी काय करायचं

हॉटेलाचं पीओपी झालं, रंग लागला, उद्घाटनाच्या पत्रिका छापून आल्या आणि मग कोणाला तरी आठवतं, ‘अरे, गाण्यांचं काय?’ साउंडवाला येतो, आहे त्या छताला चार भोकं पाडतो, मिळेल त्या वाटेने वायर ओढतो आणि एका अँप्लिफायरवर सगळं जोडून देतो. गल्ल्याजवळच्या टेबलावर बोलणं ऐकू येत नाही, कोपऱ्यातल्या टेबलावर गाणं ऐकू येत नाही, आणि महिन्याभरात अँप्लिफायर दुरुस्तीला जातो. दोष बहुतेक वेळा वस्तूंचा नसतो, कामाच्या क्रमाचा असतो.

हा लेख छोटं-मध्यम हॉटेल, कपड्यांचं दुकान, मेडिकल, सुपरमार्केट चालवणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या वायरमनसाठी आहे. आधी एक गोष्ट पक्की करा: तुम्हाला मोठा आवाज नकोय. तुम्हाला सगळीकडे सारखा आवाज हवाय. पुढचा प्रत्येक निर्णय यावरूनच होतो.

## टप्पा १: आधी दुसऱ्यांच्या छताकडे बघा

खरेदीला जाण्याआधी तुमच्याच आकाराच्या तीन-चार जागांमध्ये जाऊन चहा प्या आणि वर बघा. छतातल्या प्रत्येक गोल वस्तूला स्पीकर समजू नका. स्पीकरची जाळी साधारण सहा ते आठ इंचांची, बारीक भोकांच्या पत्र्याची, छताला जवळजवळ चिकटलेली असते. तळहातापेक्षा लहान, थोडा खाली आलेला आणि एक बारीक दिवा असलेला डबा म्हणजे धुराचा डिटेक्टर. काळी काच असलेला अर्धगोल म्हणजे कॅमेरा. चौकोनी, पट्ट्यापट्ट्यांची जाळी एसीची. गुळगुळीत पांढरी चकती असेल तर बहुधा वायफायची.

स्पीकर सापडले की त्यांच्यातलं अंतर मोजा. त्याला टेप लागत नाही. छत चौकोनी टाइलच्या ग्रिडचं असेल तर एक टाइल म्हणजे दोन फूट. एका स्पीकरपासून दुसऱ्यापर्यंत पाच टाइलचं अंतर असेल तर ते दहा फूट. पीओपीचं छत असेल तर खालच्या फरशा मोजा.

मग एका स्पीकरच्या बरोबर खालून दुसऱ्याच्या खाली चालत जा. गाण्यातली झांज, टाळ, ‘स’ आणि ‘च’चे उच्चार यांच्याकडे लक्ष द्या. वाटेत ते बोथट झाले आणि नुसता घुमारा उरला, तर त्या जागेत स्पीकर कमी आहेत. चालताना फरकच जाणवला नाही, तर ते अंतर आणि छताची उंची वहीत लिहून घ्या. अशी जागा फुकटातला नमुना आहे.

आणखी तीन गोष्टी टिपा. गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर स्पीकर आहे का? जाणत्या माणसाने काम केलं असेल तर नसतो. भिंतीवर, स्विचबोर्डाच्या शेजारी आवाजाचा गोल नॉब आहे का? असला तर तिथे विभागवार आवाज कमी-जास्त करायची सोय आहे. आणि भटारखान्याच्या खिडकीजवळचा फोन कुठल्या उंचीवर आहे, तो वाजतो तेव्हा आतल्यांना कळतो का? गर्दीच्या वेळी पाच मिनिटं बघितलंत तर उत्तर मिळतं. मालक मोकळा माणूस असेल तर त्यालाच विचारा. काय चुकलं हे तो आनंदाने सांगेल.

## टप्पा २: नकाशा आणि कानाची उंची

कागदावर जागेची लांबी-रुंदी, खांब, बीम, गल्ला, दरवाजे, एसीच्या जाळ्या, टेबलं किंवा रॅक काढा. छताची उंची लिहा. स्लॅबची नव्हे, खोट्या छताची.

बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतो, उभ्याचा पाच. हॉटेलासाठी चार धरा, दुकानासाठी पाच. छताची उंची वजा कानाची उंची, गुणिले दोन. जे उत्तर येतं तेवढ्या व्यासाच्या वर्तुळात एक स्पीकर नीट ऐकू येतो. स्पीकरच्या आवाजाचा पसारा ९० अंशांचा धरून हा हिशोब आहे. खोक्यावर १३० किंवा १८० अंश लिहिलेलं असलं तरी ९०च धरा, कारण बोलणं स्पष्ट करणारे उंच स्वर तेवढे पसरत नाहीत.

एक उदाहरण पूर्ण करू. हॉल ३६ बाय २४ फूट, छत १० फुटांवर, माणसं बसलेली. १० वजा ४ म्हणजे ६, दुप्पट १२ फूट. वर्तुळाला वर्तुळ टेकवून लावले तर तीनच्या दोन रांगा, म्हणजे ६ स्पीकर. बहुतेक लोक इथे थांबतात. पण चार वर्तुळांच्या मधोमध जो तुकडा उरतो, तिथलं टेबल कुठल्याही स्पीकरपासून साडेआठ फूट लांब पडतं आणि वर्तुळ तर सहाच फुटांपर्यंत पोचतं. कुठलंही टेबल बाहेर राहू नये असं वाटत असेल तर लांबीत ९ फुटांवर चार आणि रुंदीत ८ फुटांवर तीन, असे १२ लागतात. भिंतीपासून पहिला स्पीकर त्याच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे साडेचार आणि चार फुटांवर.

नुसती मंद गाणी लावायची असतील तर ६ आणि १२ यांच्या मधला आकडा चालतो. ‘टोकन क्रमांक सत्तेचाळीस, पार्सल तयार आहे’ अशी घोषणा करायची असेल तर १२च लावा. छत जितकं खाली, तितके स्पीकर जास्त लागतात. हे लोकांना उलटं वाटतं, पण बुटक्या छतातल्या स्पीकरचं वर्तुळ लहान असतं.

इथे स्पीकर नको: गल्ल्यावर, जिथून माइकवर बोलणार त्याच्या डोक्यावर, तंदूर आणि चुलीच्या वर, एसीच्या जाळीला खेटून, आणि बाहेरच्या दरवाज्याच्या तोंडाशी. दरवाज्याजवळचा स्पीकर गिऱ्हाईक आणत नाही, शेजाऱ्यांची तक्रार आणतो.

तपासा: नकाशावर प्रत्येक टेबलावर बोट ठेवा. त्याच्या सहा फुटांत (तुमच्या हिशोबाने येईल त्या अंतरात) किमान एक स्पीकर हवा.

## टप्पा ३: १०० व्होल्टची लाइन की ८ ओहम?

या टप्प्यावर सगळ्यात जास्त अँप्लिफायर जळतात, म्हणून इथे जरा थांबू.

घरातला साधा स्पीकर ८ ओहमचा असतो. तो एक-दोन असेपर्यंत ठीक. पण चार स्पीकर समांतर जोडले की अँप्लिफायरला दिसणारा भार ८ भागिले ४, म्हणजे २ ओहम होतो (ओहम कमी, तेवढं अँप्लिफायरवर ओझं जास्त). बहुतेक अँप्लिफायर ४ ओहमच्या खाली चालवायचे नसतात. ‘अजून एक जोडला तर काय होतंय’ म्हणत तिसरा-चौथा जोडला की तो गरम होतो, आवाज फाटतो आणि एक दिवस बंद पडतो.

त्यातच वायरचा अडथळा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा ४० मीटरचा पल्ला म्हणजे जाऊन-येऊन ८० मीटर, साधारण १ ओहम. ८ ओहमच्या एका स्पीकरपुढे हा एक ओहम म्हणजे नववा हिस्सा दाब (व्होल्टेज) वायरमध्येच गेला. चार स्पीकरच्या २ ओहमपुढे तर तिसरा हिस्सा.

१०० व्होल्टच्या लाइनमध्ये प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. बाजारात त्याला एलएमटी म्हणतात. अँप्लिफायर जास्त दाबाने, कमी करंटने आवाज पाठवतो आणि स्पीकरजवळ तो ट्रान्सफॉर्मर त्याला पुन्हा खाली आणतो. स्पीकर कितीही लांब आणि कितीही असोत, सगळे एका ओळीत समांतर जोडता येतात. फक्त वॉटची बेरीज सांभाळायची. आपल्याकडे आहुजासारख्या कंपन्यांचे पीए (घोषणेसाठीचे) अँप्लिफायर मागच्या बाजूला कॉमन, ४, ८, १६ ओहम, ७० व्होल्ट आणि १०० व्होल्ट असे स्क्रू देतात ते याचसाठी.

माझं मत सरळ आहे: दोनपर्यंत स्पीकर आणि दोन्ही एकाच खोलीत असतील तर ८ ओहम चालेल. त्यापुढे १०० व्होल्टच. दुकान वाढणार असेल तर आजच १०० व्होल्ट.

सावधान: एलएमटी नसलेला साधा ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्टच्या लाइनवर कधीही जोडू नका. त्याची कॉइल जळेल आणि जळता जळता अँप्लिफायरलाही नेईल. तसंच एकाच अँप्लिफायरच्या १०० व्होल्ट आणि ८ ओहमच्या स्क्रूंवर एकाच वेळी भार देऊ नका. दोहोंपैकी एकच.

सावधान: पूर्ण आवाजात या तारांवर १०० व्होल्टपर्यंत एसी दाब असतो. ‘स्पीकरची वायर आहे, काही होत नाही’ हे इथे खरं नाही. अँप्लिफायर बंद केल्याशिवाय उघड्या टोकांना हात लावू नका.

## टप्पा ४: वॉटची बेरीज, खरेदीच्या आधी

एलएमटीवर टॅप असतात: १.५ वॉट, ३ वॉट, ६ वॉट असे. कुठली वायर कितीची हे स्टिकरवर छापलेलं असतं. सवयीने सगळे सहाला जोडतात, पण त्याची गरज क्वचितच असते.

हिशोब बघा. छतातल्या ठीकठाक स्पीकरची संवेदनशीलता १ वॉटला १ मीटरवर ९० डेसिबल धरू. ३ वॉटला ती सुमारे ५ डेसिबलने वाढते. छतापासून कानापर्यंतच्या सहा फुटांत साधारण तेवढीच घटते. म्हणजे ३ वॉटच्या टॅपवरही बसलेल्या माणसाच्या कानावर ९० डेसिबलच्या आसपास आवाज पोचू शकतो. जेवणाऱ्यांना त्याच्या पुष्कळ खालचा आवाज लागतो. ६ वॉट केल्याने फक्त ३ डेसिबल वाढतात, जी कानाला जेमतेम जाणवतात. अँप्लिफायर मात्र दुप्पट घ्यावा लागतो.

वरच्या हॉलचे १२ स्पीकर प्रत्येकी ३ वॉटवर म्हणजे ३६ वॉट. वरती चौथा हिस्सा राखीव ठेवा: ४५. बाजारात त्यापुढचा जो आकडा मिळेल तो घ्या, म्हणजे ६० वॉटचा. पुढे पॅसेज, फॅमिली रूम, बाहेरची बाजू जोडायची शक्यता असेल तर त्यांचे वॉट आत्ताच मिळवा. वॉशरूमच्या पॅसेजला १.५ वॉट पुरे. दुकानात उंच छत, पंखे, रस्त्याचा आवाज असेल तर ६ वॉट समजू शकतो.

खरेदी करताना अँप्लिफायरवरचा आकडा आरएमएस (सतत देता येणाऱ्या) वॉटचा आहे का ते बघा. ‘पीएमपीओ’ असं लिहून हजारो वॉट छापलेले असतील तर तो आकडा नाहीच असं समजा. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तापकीर गल्लीत गेलात तर दुकानदाराला ‘किती स्पीकर, कितीच्या टॅपवर, वायर किती लांब’ या तिन्ही गोष्टी लिहिलेला कागद दाखवा. नुसतं ‘हॉटेलसाठी एक चांगला सेट द्या’ म्हणालात तर त्याच्याकडे जे पडून आहे ते मिळेल.

विभाग करायचे असतील, उदाहरणार्थ एसी हॉल वेगळा आणि बाहेर वेगळा, तर प्रत्येकाला भिंतीवरचा १०० व्होल्टचा आवाज-नॉब घ्या. त्याचे वॉट त्या विभागाच्या बेरजेपेक्षा जास्त हवेत. ३६ वॉटच्या विभागाला २० वॉटचा नॉब लावला तर तो तापतो. विजेच्या पंख्याचा रेग्युलेटर इथे चालत नाही, हे सांगावं लागतं कारण लोक लावतात.

तपासा: अँप्लिफायरचे वॉट ≥ सगळ्या टॅपची बेरीज × १.२५. हा आकडा नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

## टप्पा ५: वायरिंग, छत उघडं असतानाच

पीओपीवाला येण्याआधी किंवा ग्रिडच्या टाइल बसण्याआधी हे काम संपलं पाहिजे. क्रम असा:

१. प्रत्येक विभागाची वेगळी दोन कोअरची, तांब्याची, १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची वायर अँप्लिफायरच्या जागेपासून काढा.

२. ती पाइपातून न्या. २३० व्होल्टच्या वायरिंगच्या पाइपात अजिबात नको. शेजारून जायचं असेल तर फूटभर लांबून, आणि ओलांडायची असेल तर काटकोनात.

३. पहिल्या स्पीकरपाशी जा, तिथून दुसऱ्याला, तिथून तिसऱ्याला. प्रत्येक ठिकाणी दीड-दोन फूट वायर जादा सोडा. छताच्या भोकातून स्पीकर खाली काढून खुर्चीवर उभं राहून काम करता आलं पाहिजे. बचत करायची तर दुसरीकडे करा.

४. रंग पाळा. लाल म्हणजे गरम टोक, काळी म्हणजे कॉमन. एक स्पीकर उलटा जोडला तर तो वाजतो, पण शेजारच्याशी उलट्या फेजमध्ये वाजतो आणि दोघांच्या मधोमध आवाज पोकळ होतो. अशी चूक शोधायला नंतर सगळे स्पीकर खाली काढावे लागतात.

५. इंटरकॉमची वायर याच वेळी टाका, पण वेगळ्या पाइपात. एकाच पाइपात टाकली तर फोनवर मागे गाणी ऐकू येतात.

६. छत बंद व्हायच्या आधी प्रत्येक ठिकाणचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. दोन वर्षांनी हाच फोटो उपयोगी पडतो.

तपासा: स्पीकर जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. दोन कोअरमध्ये अनंत दिसलं पाहिजे. मग लांबचं टोक पिळून घ्या, आता एक-दोन ओहम दिसले पाहिजेत; तो आकडा लिहून ठेवा. पहिल्या तपासणीत आकडा आला तर कुठेतरी खिळा किंवा स्क्रू वायरमध्ये घुसलाय. दुसऱ्यात आकडाच आला नाही तर वायर तुटली आहे. हे दोन्ही आत्ता दहा मिनिटांचं काम आहे, पीओपीनंतर दोन दिवसांचं.

## टप्पा ६: भोकं आणि स्पीकर

स्पीकरच्या खोक्यात भोकाचा कागदी नमुना किंवा आकडा असतो. जाळीचा व्यास मोजून भोक पाडणारे पुष्कळ असतात. मग स्पीकर सरळ भोकातून वर जातो किंवा हातात येतो. भोक नेहमी जाळीपेक्षा लहान असतं. एक भोक पाडा, स्पीकर घालून बघा, मगच बाकीची.

पीओपी आणि जिप्सम बोर्ड स्पीकरच्या कानांची (बाजूच्या वळणाऱ्या क्लिपांची) पकड सहन करतात, फक्त स्क्रू कचकचीत आवळायचे नाहीत. कान वळून बोर्डाला टेकले की अर्धा फेरा आणि बास. ग्रिडची फायबर टाइल मात्र मऊ असते. त्यावर नुसता स्पीकर टांगला तर काही महिन्यांत टाइल वाकते आणि तिच्या कडेने काळी फट दिसू लागते. टाइलच्या पाठीवर प्लायचा तुकडा किंवा कंपनीची आधारपट्टी टाका, जिचं वजन ग्रिडच्या पट्ट्यांवर जाईल. शिवाय प्रत्येक स्पीकरला एक बारीक तार बांधून ती स्लॅबला हुकाने अडकवा. खाली माणसं जेवायला बसणार आहेत.

एलएमटीच्या ज्या टॅपच्या वायर वापरायच्या नाहीत, त्यांची टोकं वेगवेगळी टेप करा. सगळी एकत्र पिळून एकच टेप मारायची सवय वायरमनना असते. इथे तसं केलं की ट्रान्सफॉर्मर आतल्या आत शॉर्ट होतो.

भटारखान्यात छताचा स्पीकर लावू नका. वाफ आणि तेलाचा थर वर्षभरात त्याचा कागद खातो. तिथे आवाज हवाच असेल तर चुलीपासून लांब, भिंतीवरचा बंद डब्याचा स्पीकर आणि त्याला स्वतःचा नॉब.

## टप्पा ७: अँप्लिफायर, घाई न करता

अँप्लिफायरची जागा गल्ल्याच्या खालच्या कपाटात असते आणि तिथेच बिलाच्या रोलची खोकी, पिशव्या, छत्र्या ठेवल्या जातात. त्याच्या वर आणि मागे वितभर जागा मोकळी ठेवा आणि कपाटाला जाळी लावा. प्लग फ्रीज किंवा डीप फ्रीझरच्या सॉकेटवर नको. कॉम्प्रेसर चालू होताना स्पीकरमध्ये ‘टक्’ ऐकू येतं. वीज गेल्यावर घोषणा चालू राहायला हवी असेल तर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. काही पीए अँप्लिफायरना बॅटरीचे वेगळे स्क्रूही असतात.

आता जोडणी. अँप्लिफायर बंद, सगळे नॉब शून्यावर. आधी एकच विभाग कॉमन आणि १०० व्होल्टच्या स्क्रूवर. स्क्रूवर जोडण्याआधी लाइनला मल्टिमीटर लावला तर आकडा हिशोबापेक्षा बराच कमी दिसेल (आपल्या ३६ वॉटच्या विभागाचा खरा इम्पिडन्स, म्हणजे एसीला होणारा अडथळा, १०,००० भागिले ३६, म्हणजे सुमारे २७८ ओहम येतो), कारण मीटर डीसी मोजतो. त्याने घाबरू नका. वायर एकटी असताना आलेला शॉर्टचा आकडा लिहिलेला असेलच, त्याच्याजवळ गेला तर मात्र थांबा.

चालू करा, हळूहळू वाढवा, प्रत्येक स्पीकरखाली उभे राहा. सगळे ठीक असतील तर बंद करा आणि दुसरा विभाग जोडा. सगळे विभाग एकदम जोडून चालू केले आणि काही बिघडलं, तर कुठे बिघडलं हे शोधण्यात दुपार जाते.

बिलाच्या कॉम्प्युटरमधून गाणी लावली आणि ‘घूं’ ऐकू आली, तर मोबाइलवरून लावून बघा. मोबाइलवर घूं गेली तर दोष कॉम्प्युटर आणि अँप्लिफायरच्या अर्थिंगच्या फेऱ्यात आहे. मध्ये ऑडिओ आयसोलेटर लावा. प्लगची अर्थची पिन तोडणं हा उपाय नाही, आणि तो सुचवणाऱ्या माणसाकडून पुढचं कामही करून घेऊ नका.

## टप्पा ८: इंटरकॉम

स्पीकरवर लोक पैसे घालतात आणि इंटरकॉम शेवटी उरलेल्या पैशात उरकतात. खरं तर धंद्याचा वेळ वाचतो तो इंटरकॉमने.

आधी कागदावर लिहा: कोण कोणाशी बोलतं, दिवसातून किती वेळा. हॉटेलात गल्ला आणि भटारखाना, पार्सल काउंटर आणि भटारखाना, वरचा फॅमिली हॉल आणि गल्ला. साड्यांच्या दुकानात प्रत्येक मजल्याची गादी आणि गोडाउन. मेडिकलमध्ये काउंटर आणि माळा. दोनच ठिकाणं असतील तर जोडीचे साधे इंटरकॉम फोन पुरतात. तीन किंवा जास्त असतील तर छोटं ईपीएबीएक्स, म्हणजे फोन एकमेकांना जोडणारा एक्स्चेंजचा डबा, घ्या. तीन बाहेरच्या लाइन आणि आठ एक्सटेन्शनचा डबा छोट्या जागेला भरपूर होतो. बाहेरची लाइन नसली तरी तो आतल्या आत चालतो.

वायरिंगचा नियम स्पीकरच्या उलटा आहे. तिथे एकातून दुसऱ्यात जायचं होतं, इथे प्रत्येक फोनची स्वतंत्र जोडी डब्यापासून सरळ फोनपर्यंत. दोन जोड्यांची टेलिफोन केबल टाका, एक जोडी राखीव राहील. उंदरांनी कुरतडली की ती राखीव जोडी आठवते. फोन वाजत असताना त्या तारांवर झटका बसण्याइतका दाब असतो, तेव्हा जोडणी डबा बंद करूनच.

भटारखान्यातला फोन ही वेगळी गोष्ट आहे. एक्झॉस्ट, मिक्सर, भांडी यांच्यात हँड्सफ्री स्पीकरचा इंटरकॉम निकामी ठरतो. पलीकडच्याला पंखाच ऐकू येतो. तिथे हातात धरायचा, भिंतीवरचा रिसीव्हरवाला फोन लावा. बेसिनच्या शिंतोड्यांपासून आणि चुलीपासून लांब, साडेचार-पाच फुटांवर, लांब गुंडाळीच्या वायरसह. घंटीसोबत पेटणारा दिवा जोडा. आचारी फोनकडे बघत नसतो, पण समोरच्या भिंतीवर लाल दिवा पेटला की मान वर करतो. ईपीएबीएक्समध्ये ‘हॉटलाइन’ची सोय असेल तर भटारखान्याचा रिसीव्हर उचलताच गल्ला वाजेल असं लावा. पीठ लागलेल्या हाताने नंबर दाबायला नकोत.

नंबर सोपे ठेवा आणि प्रत्येक फोनवर सगळ्यांची यादी ठळक मराठीत चिकटवा: २१ गल्ला, २२ भटारखाना, २३ पार्सल, २४ वरचा हॉल. यादी फक्त मालकाच्या डोक्यात असेल तर नवीन पोऱ्या जिन्याने धावतच राहणार.

सावधान: भटारखान्याशी बोलायला छताचे स्पीकर वापरू नका. ‘सहा नंबरला रस्सा थंड गेलाय’ हे सहा नंबरसकट सगळ्या हॉलला ऐकू जातं. छतातून फक्त गिऱ्हाइकासाठीची घोषणा, बाकी सगळं फोनवर.

घोषणेचा माइक दाबल्यावरच चालू होणारा घ्या. माइकची वायर दहा मीटरपेक्षा लांब असेल तर बॅलन्स्ड जोडणीचीच (आवाजाच्या दोन तारा आणि वेगळं कवच असलेली) हवी. बऱ्याच पीए अँप्लिफायरना पहिल्या माइकवर बोललं की गाणं आपोआप खाली जाण्याची सोय असते, ती चालू करा. भिंतीवरच्या नॉबने कोणी विभाग पूर्ण बंद केला असेल तर तिथे घोषणाही जाणार नाही. त्यासाठी घोषणेच्या वेळी नॉबला बगल देणारा रिलेवाला नॉब मिळतो. तो लावायचा तर नॉबपर्यंत वायरची जादा जोडी लागते, म्हणून हा निर्णय टप्पा ५च्या आधीचा. मॉलमध्ये दुकान असेल तर मॉलच्या व्यवस्थापनाला आधीच विचारा की आगीचा अलार्म वाजल्यावर तुमचं संगीत बंद व्हायची जोडणी कशी करायची.

## टप्पा ९: आवाज गर्दीत ठरवा

रिकाम्या हॉलमध्ये सकाळी अकरा वाजता लावलेला आवाज रात्री साडेआठला चुकतो. माणसं आवाज शोषतात आणि स्वतःही आवाज करतात. म्हणून दोन खुणा करा: एक मोकळ्या वेळेची, एक गर्दीची. नॉबवर रंगाचे दोन ठिपके लावा म्हणजे वेटरलाही कळतं.

कसोटी अशी. गर्दीत टेबलावर समोरासमोर बसलेली दोन माणसं पुढे न वाकता बोलू शकली तर आवाज बरोबर आहे. घोषणेसाठी माइकचा बास कमी करा. घुमारा कमी होतो आणि शब्द सुटे ऐकू येतात. काच, ग्रॅनाइट आणि गुळगुळीत भिंती असलेल्या हॉलमध्ये बोलणं कळत नसेल तर आवाज वाढवल्याने ते आणखी बिघडतं. तिथे आवाज कमी करून स्पीकर वाढवायचे, किंवा पडदे आणि कापडी पॅनेल लावायची.

मग दार उघडून फुटपाथवर जा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, निवासी भागात ५५ आणि ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खाजगी यंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये. लाउडस्पीकर आणि पीए यंत्रणेला लेखी परवानगीचा नियमही यातच आहे, तेव्हा तुमच्या जागेला काय लागू होतं ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या. बाहेरच्या बाजूचा विभाग रात्री दहाला बंद करायचं काम एका ठरावीक माणसाकडे सोपवा.

गाण्यांच्या हक्कांचा विषयही याच वेळी मिटवा. गिऱ्हाइकांसमोर ध्वनिमुद्रित संगीत लावण्याला परवाना लागतो. गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल या संस्थांची नावं तुमच्यापर्यंत येतीलच. घरगुती संगीत-अॅपचं वैयक्तिक खातं धंद्यात वाजवायला दिलेलं नसतं.

## बिघडलं तर कुठून सुरुवात करायची

एकच स्पीकर बंद: त्याची जोडणी सुटली आहे किंवा एलएमटी गेला आहे. बाकी कशाला हात लावू नका.

एका जागेपासून पुढचे सगळे बंद: शेवटचा वाजणारा आणि पहिला न वाजणारा यांच्या मधली वायर. छत उघडं असताना काढलेले फोटो बघा.

अख्खा विभाग बंद आणि अँप्लिफायरचा संरक्षणाचा दिवा पेटलेला: विभाग सोडवा. दिवा विझला तर लाइनमध्ये शॉर्ट आहे. मधल्या स्पीकरपाशी लाइन तोडून अर्धी-अर्धी तपासा.

आवाज फाटतो, पण फक्त गर्दीत: कोणीतरी टॅप वाढवलेत किंवा नंतर स्पीकर जोडलेत. वॉटची बेरीज पुन्हा करा.

माइक दाबताच शिट्टी: माइकच्या जवळचा स्पीकर एका टॅपने खाली आणा, नाहीतर माइकची जागा बदला.

फोनवर मागे गाणं: वायर कुठेतरी एका पाइपात गेल्या आहेत. पाइप उघडून वेगळ्या केल्याशिवाय ते जाणार नाही.